पियानो ब्लॅकवरचे ओरखडे: तुम्ही काय केलंत?

गाडी घेतली तेव्हा गिअरभोवतीच्या त्या काळ्या चकचकीत प्लास्टिकच्या पट्टीवरच (यालाच पियानो ब्लॅक म्हणतात) जीव जडला होता. सहा महिन्यांत तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा, ऊन पडलं की बघवत नाही. किल्ली, मोबाईल कधीच ठेवला नाही तिच्यावर, उलट रोज फडक्याने पुसत होतो. घरच्या घरी कोणी घालवलेत का? जमलेलं आणि फसलेलं दोन्ही लिहा, फसलेलं आधी.

—

रोज पुसत होतात ना, तिथेच घोळ झाला. धुळीत बारीक कच असते, कोरडं पुसलं की तीच घासली जाते आणि स्टॅटिकमुळे या प्लास्टिकला धूळ चिकटतेही पटकन. मी आधी मऊ ब्रशने झटकतो मग किंचित ओलं मायक्रोफायबर, जोर न देता. याने जुने जात नाहीत, नवे पडायचे कमी होतात एवढंच.

—

फसलेलं आधी म्हणालात म्हणून सांगते, टूथपेस्ट. व्हिडिओत काय झकास निघत होतं सगळं! माझ्या रेघा गेल्या पण त्यांच्यासोबत चकाकीपण गेली, मधोमध धुरकट पट्टा उरला. वर बटणांच्या फटीत पेस्ट वाळून बसली, ती टाचणीने उकरताना आणखी एक ओरखडा. नवरा विचारतो, आता गाडीला चूळ कोण भरवणार.

—

ताई, तो धुरकटपणा बहुतेक निघेल, घाबरू नका. मी केलंय. आधी ओरखड्यावरून नख फिरवा, अडकलं नाही तर काम सोपं. बटणं आणि फटी मास्किंग टेपने झाकायच्या (बटणांवरची चिन्हं पॉलिशने पुसली जाऊ शकतात), पट्टी नीट धूळमुक्त करायची, मग प्लास्टिकचं फाईन पॉलिश, वाटाण्याएवढंच, फोमवर घेऊन हलक्या हाताने. एका वेळी तळहाताएवढा भाग, बास. पुसायला वेगळं स्वच्छ मायक्रोफायबर, आणि टॉर्च तिरका धरून बघायचं कारण सरळ उजेडात सगळंच छान दिसतं. मला तीन फेऱ्या लागल्या. गाडी सावलीत हवी. ड्रिलला पॅड लावून करायचा मोह होतो, पण एका जागी जरा जास्त थांबलं तर प्लास्टिक तापून मऊ पडतं, म्हणून हातच बरा.

—

हीट गन!! डिकीतल्या खरखरीत प्लास्टिकवरचे पांढरे ओरखडे मस्त गेले होते म्हणून तीच चकचकीत पट्टीवर चालवली. लाट आली तिच्यावर. आता नवी पट्टी मागवलीय, पुढचं काय बोलू.

—

माझं नख अडकत होतं. 2000 नंबरचा पॉलिशपेपर पाणी लावून, मग 3000, मग पॉलिश. मधल्या टप्प्यात पट्टी राखाडी होते तेव्हा पोटात गोळा येतो, तिथे थांबू नका. आता ओरखडा माहीत असलेल्यालाच दिसतो. मात्र काही पट्ट्यांवर वरून लॅकर असतं, ते घासून आरपार गेलं की संपलं, म्हणून आधी कोपऱ्यात करून बघा.

—

स्क्रीनला यातलं काहीही लावू नका प्लीज. वरचं अँटीग्लेअर कोटिंग निघतं, माझ्या स्क्रीनवर आता कायमचा डाग आहे आणि रिव्हर्स घेताना नेमका तोच आडवा येतो.

—

मी पॉलिशबिलिशच्या नादाला लागलोच नाही, मॅट फिल्म चिकटवली. ओरखडे पण गेले आणि डोळ्यावर येणारी चकाकी पण. मुळात हात लागणाऱ्या जागी असलं प्लास्टिक लावायचं कोणाच्या डोक्यात येतं देव जाणे.

—

धागा काढणारा परत आलोय. पॉलिशने जाळं गेलं, दोन फेऱ्यांत. कपहोल्डरजवळ एक खोल रेघ आहे तिला हात लावायचं धाडस झालं नाही. वरून पारदर्शक पीपीएफ (ओरखड्यांपासून वाचवणारी चिकट फिल्म) लावली आणि खूश होऊन बघतो तर आत माझाच एक केस अडकलाय.