संयुक्त नौदल सरावात जहाजावरील अभियंता अधिकाऱ्याचे नेमके काम काय असते?

प्रश्न: किनाऱ्यावरचा_वाचक

नमस्कार. माझा भाचा बारावीनंतर जेईई मेनच्या गुणवत्ता क्रमांकावर बी.टेक. कॅडेट प्रवेश योजनेसाठी अर्ज करणार असून त्याची ओढ अभियांत्रिकी शाखेकडे आहे. त्याच्या निमित्ताने मलबार, वरुण, मिलन, रिमपॅक या सरावांविषयी बरेच वाचले. मात्र प्रत्येक बातमीत रांगेने चाललेल्या युद्धनौका, डेकवर उतरणारी हेलिकॉप्टरे आणि हस्तांदोलन करणारे अधिकारी एवढेच दिसते. इंजिनरूमचा उल्लेख मला एकाही ठिकाणी आढळला नाही.

सराव चालू असताना यांत्रिकी विभागाला काही स्वतंत्र भूमिका असते, की नेहमीप्रमाणे यंत्रे चालू ठेवणे एवढेच त्यांचे काम असते? परदेशी नौदलांबरोबरच्या अशा सरावांतून अभियंत्याच्या पदरी खरोखर काही पडते का? आणि अभियंता अधिकारी कितीही वर चढला तरी युद्धनौकेचा कप्तान होत नाही, असे ऐकले, ते खरे आहे का? ज्यांनी प्रत्यक्ष सेवा केली आहे अशांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

उत्तर: निवृत्त_कमांडर_यांत्रिकी

आपला प्रश्न रास्त आहे. मी मरीन इंजिनीअरिंग अधिकारी म्हणून फ्रिगेट आणि विनाशिका अशा दोन्ही प्रकारच्या जहाजांवर सेवा केली आहे, त्या आधारावर लिहितो.

अभियंत्याचा सराव जहाज बंदर सोडण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. जहाज मुंबई किंवा विशाखापट्टणमच्या गोदीच्या आसपास असते, तेव्हा एखादा पंप बिघडला तर कार्यशाळा आणि सुट्या भागांचे भांडार हाकेच्या अंतरावर असते. तेच जहाज हवाईजवळच्या रिमपॅकसाठी निघाले की पुढचे कित्येक आठवडे जे बरोबर घेतले त्यावरच भागवावे लागते. कोणते भाग न्यायचे, कोणत्या जनरेटरचे ओव्हरहॉलचे (पूर्ण उघडून दुरुस्त करण्याचे) तास मोहिमेच्या मधेच भरतील आणि ते काम निघण्यापूर्वी उरकून घ्यायचे की परतल्यावर करायचे, हे निर्णय अभियंत्याला कप्तानासमोर लेखी मांडावे लागतात. रिमपॅकला भारताने २०१४ मध्ये प्रथम आपली युद्धनौका पाठवली, ती सह्याद्री. पुढे सातपुडा आणि शिवालिक याही जाऊन आल्या. ही तिन्ही एकाच वर्गाची जहाजे आहेत. त्यांच्यात लांबच्या संथ प्रवासासाठी डिझेल इंजिने आणि वेगासाठी गॅस टर्बाइन अशी जोड आहे, आणि एका वेळी दोहोंपैकी एकच जहाजाचा पंखा (प्रोपेलर) फिरवणाऱ्या शाफ्टला जोडता येते. प्रशांत महासागर ओलांडताना ही रचना किती उपयोगी पडते, हे इंधनाची नोंदवही सांभाळणाऱ्यालाच विचारावे.

प्रत्यक्ष सरावात अभियंत्याची खरी कसोटी लागते ती समुद्रातच इंधन घेताना. टँकर ठरलेल्या दिशेने आणि वेगाने चालत राहतो, साधारणपणे बारा ते सोळा नॉट, आणि इंधन घेणारे जहाज त्याच्या शेजारी काही डझन मीटर अंतरावर येऊन तोच वेग धरते. आधी बारीक दोरी, मग जाड दोरी, मग पोलादी तार आणि शेवटी तिच्यावरून सरकत येणारी नळी असा क्रम असतो. ब्रिजवरून शाफ्टचे फेरे दोन-तीनने वाढवण्याचे किंवा कमी करण्याचे आदेश सतत येत असतात आणि यंत्रांनी त्यांना तत्काळ व अचूक प्रतिसाद द्यावा लागतो. सुकाणूच्या दोन्ही मोटारी चालू असतात, तरीही सुकाणूच्या खोलीत माणसे उभी केलेली असतात, कारण त्या अंतरावर सुकाणू अडकले तर टक्कर टाळण्यासाठी हातात काही सेकंदच असतात. त्याच वेळी खाली कोणती टाकी आधी भरायची आणि कोणती नंतर, हे जहाजाचा तोल पाहून ठरवले जाते. टाकी काठोकाठ भरत नाहीत.

टँकर परक्या नौदलाचा असेल तर आणखी प्रश्न उभे राहतात. नळीचे टोक आपल्या जोडणीत बसते का? पंपाचा दाब किती असेल? इंधनाची प्रत आपल्या टर्बाइनला चालणारी आहे का? हे सर्व आधीच्या पत्रव्यवहारात निश्चित झालेले असले, तरी पहिला नमुना आल्याबरोबर त्यात पाणी किंवा गाळ आहे का हे आम्ही पाहतोच, आणि ज्वलनबिंदूही (ज्या तापमानाला इंधनाची वाफ पेट घेऊ शकते तो) तपासतो, कारण जहाजावरच्या इंधनाचा ज्वलनबिंदू ६० अंश सेल्सिअसच्या खाली असता कामा नये. या देवाणघेवाणीमागे करारही आहेत. अमेरिकेबरोबरचा लेमोआ हा रसद-देवाणघेवाणीचा करार २०१६ मध्ये झाला, त्यानंतर फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि जपान यांच्याशीही तशा व्यवस्था झाल्या. वृत्तपत्रांत त्यांची चर्चा मुत्सद्देगिरीच्या अंगाने होते. आमच्या लेखी त्यांचा अर्थ असा की घेतलेल्या इंधनाचा हिशेब कोणत्या नमुन्यात लिहायचा आणि कोणाची सही घ्यायची, हे ठरलेले असते.

पाणबुडीविरोधी टप्प्यात कामाचे स्वरूप पूर्ण पालटते. तेथे वेगापेक्षा शांतता महत्त्वाची असते. आपल्याच जहाजाच्या आवाजाने पाण्याखालचे आवाज टिपणारा आपला सोनार बहिरा होतो, म्हणून कोणता जनरेटर चालवायचा, कोणते पंप बंद ठेवता येतील आणि पंख्यावर बुडबुडे फुटू लागण्याचा वेग कोणता, याचा सल्ला यांत्रिकी विभाग देतो. यंत्राखालच्या रबरी बैठकांवर कोणी उत्साहाने रंग फासला असेल किंवा इंजिनरूमच्या जमिनीवरचा एखादा पत्रा सैल राहिला असेल, तर त्याचा परिणाम त्या दिवशी सोनार कक्षातून ऐकवला जातो, आणि तो सौम्य शब्दांत नसतो.

शिवाय हवामान आहे. गॅस टर्बाइनची शक्ती १५ अंश तापमान गृहीत धरून सांगितलेली असते. उन्हाळ्यात अरबी समुद्रावरची हवा त्याहून कितीतरी उष्ण आणि म्हणून विरळ असते, त्यामुळे कागदावरची शक्ती प्रत्यक्षात मिळत नाही. ताफ्याचा वेग ठरवणाऱ्याला हे वेळीच सांगणे हेही अभियंत्याचेच काम.

उत्तर: जुना_आर्टिफिसर

कमांडर साहेबांनी लिहिलेले सर्व बरोबर आहे. मी इंजिनरूममध्ये आर्टिफिसर (यंत्रे सांभाळणारा कुशल तंत्रज्ञ नौसैनिक) म्हणून सेवा करून मास्टर चीफ या हुद्द्यावर निवृत्त झालो. परदेशी सरावांतून किती शिकायला मिळते, या एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे, तेवढेच नम्रपणे नोंदवतो.

परदेशी सरावांत बंदरातला टप्पा आणि समुद्रातला टप्पा असे दोन भाग असतात. बंदरात असताना एकमेकांच्या जहाजांना भेटी देण्याचे कार्यक्रम होतात आणि त्यांचे फार कौतुक केले जाते. आम्हाला तेथे जे दाखवले जाते ते स्वच्छ घासलेले आणि आधी ठरवलेले असते. महत्त्वाच्या पॅनेलवर आच्छादन असते, जसे आम्हीही आमच्या पॅनेलवर घालतो. त्यातून यंत्राविषयी फारसे शिकायला मिळते असे मला वाटत नाही.

यंत्रविभागातील माणूस घडतो तो आपल्या घरच्या सरावांत. ट्रोपेक्स हा दर दोन वर्षांनी होणारा सराव घ्या. २०२३ चा ट्रोपेक्स नोव्हेंबर २०२२ पासून मार्च २०२३ पर्यंत चालला आणि त्यात नौदलाबरोबर भूदल, वायुदल आणि तटरक्षक दलही होते. इतका काळ जहाजे राबली की खरे दोष वर येतात. समुद्राच्या पाण्याचे कूलर चोंदतात, इंधनाच्या फिल्टरमध्ये गाळ साचू लागतो, पंपांच्या ग्लँड (गळती रोखणाऱ्या जोडण्या) गळू लागतात. थोड्या दिवसांच्या पाहुण्या सरावात हे दिसत नाही.

त्याहूनही कठोर म्हणजे कोचीच्या फ्लॅग ऑफिसर सी ट्रेनिंग या नौदलाच्या प्रशिक्षण यंत्रणेच्या देखरेखीखाली होणारे वर्क-अप, म्हणजे जहाजाच्या सज्जतेची कसून तयारी व परीक्षा. परीक्षक पहाटे येऊन सांगतो की इंजिनरूमला आग लागली आहे आणि वीज गेली आहे. मग अंधारात, श्वसनयंत्र लावून, झडपा हाताने चाचपून बंद कराव्या लागतात. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर डॅमेज कंट्रोलसाठी कलणारे सिम्युलेटर आहे, तेथे अंगावर पाणी घेत फुटलेल्या भिंतीला पाचर ठोकण्याचा सराव सर्वांनी केलेला असतो. तरी स्वतःच्या जहाजावर तेच करताना वेगळे वाटते.

एक गोष्ट मात्र परदेशी सरावातच लक्षात आली, ती किनाऱ्यावरच्या विजेची. आपल्या ताफ्यात रशियन बनावटीची काही जहाजे ५० हर्ट्झच्या विजेवर चालतात आणि पाश्चात्त्य धर्तीची ६० हर्ट्झवर. परक्या बंदरात कोणती वीज मिळेल याची खात्री नसेल, तर जहाज बंदरात असूनही आपला जनरेटर चालवत बसावे लागते आणि विश्रांतीच्या दिवसांतही वॉच (पाळीने पहारा) लावावा लागतो. बाकीचे शहर पाहायला जातात, तेव्हा यांत्रिकी विभागातले निम्मे लोक खाली असतात.

उत्तर: नौदल_इतिहास_अभ्यासक

मी सेवेत नव्हतो, त्यामुळे तांत्रिक बाबींवर बोलत नाही. केवळ एक भर घालतो. मलबार १९९२ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात सुरू झाला, १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर खंडित झाला आणि २००२ पासून पुन्हा होऊ लागला. जपान २०१५ मध्ये कायमचा सहभागी झाला आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाही परतला. या वाढत्या सहवासाचे अभियांत्रिकीच्या दृष्टीने सर्वांत ठळक फळ सरावाबाहेर दिसले, असे मला वाटते. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी नौदलाचे चार्ल्स ड्र्यू हे पुरवठा जहाज चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली येथील एल अँड टीच्या गोदीत दुरुस्तीसाठी आले. अमेरिकी नौदलाचे जहाज भारतात दुरुस्त होण्याची ती पहिलीच वेळ होती.

किनाऱ्यावरचा_वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भाच्याला हा धागा जसाच्या तसा वाचायला दिला आहे. कप्तानपदाचा प्रश्न तेवढा राहिला. त्याच्या मनात तो घर करून आहे.

उत्तर: निवृत्त_कमांडर_यांत्रिकी

होय, ते खरे आहे. भारतीय नौदलात समुद्रावरील युद्धनौकेचे आधिपत्य कार्यकारी शाखेच्या (जहाज चालवणे व लढवणे पाहणाऱ्या शाखेच्या) अधिकाऱ्याकडेच असते. ही विभागणी ब्रिटिश परंपरेतून आली आहे. अमेरिकी नौदलाने १८९९ मध्ये कायदा करून अभियंत्यांची स्वतंत्र तुकडी मुख्य अधिकारीवर्गात विलीन केली, त्यामुळे त्यांच्या विनाशिकेवरचा चीफ इंजिनीअर पुढे एखाद्या जहाजाचा कप्तान होऊ शकतो. जहाजभेटींबद्दल आर्टिफिसर साहेबांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण त्या भेटींत मला हा फरक जवळून पाहता आला. त्यांचा चीफ इंजिनीअर नौकानयन आणि शस्त्रे यांवर आमच्यापेक्षा सहज बोलतो. टर्बाइनच्या एखाद्या बेअरिंगचे तापमान चढू लागले की मात्र तो बहुतेक वेळा आपल्या अनुभवी चीफ पेटी ऑफिसरकडे वळतो. आमच्याकडील अभियंता सर्व सेवा यंत्रांतच घालवतो, म्हणून त्याला ते स्वतः कळते. दोन्ही पद्धतींत काही मिळते आणि काही गमवावे लागते. मला आमची पद्धत बरी वाटते, पण हे माझ्या शाखेचे प्रेमही असू शकेल.

जहाजाचे नसले तरी अभियंत्याला इतर आधिपत्य मिळते. आयएनएस शिवाजीसारखी प्रशिक्षण संस्था अभियंता अधिकाऱ्याच्या हाताखाली असते, नौदल गोद्यांची सूत्रे तांत्रिक शाखेच्या ॲडमिरलांकडे असतात आणि मुख्यालयातील चीफ ऑफ मटेरियल हे व्हाइस ॲडमिरलचे पद आहे.

भाच्याला एवढेच सांगावे की एझिमलाच्या नौदल अकादमीतील चार वर्षे आणि समुद्रावरील प्रशिक्षण संपल्यानंतर लोणावळ्याचा विशेष अभ्यासक्रम येतो आणि पुढे पाणबुडीकडे जाण्याचा पर्यायही त्याला मिळू शकतो. पाणबुडीवर अभियंता आणि कप्तान यांच्यात अंतर असे उरतच नाही, कारण दोघेही त्याच अरुंद जागेत काही पावलांवर असतात. त्याला बंदिस्त जागेचा त्रास होतो का, हे मात्र आधी विचारून घ्यावे.