जाळं कापल्यानंतरचा प्रवास
एकांनी विचारलंय, गुजरातच्या वेरावळचे मच्छीमार जाळं कापून व्हेल शार्क सोडतात, मग त्याला टॅग, म्हणजे माग काढणारं यंत्र, कशाला लावायचं? सुटका मोलाचीच, २००१पासून कायद्याचं संरक्षणही आहे. पण सुटलेला मासा पुढे जातो कुठे? टॅगची अँटेना पाण्याबाहेर आली तरच उपग्रहाला संदेश मिळतो, आणि हा मासा हजार मीटरहून खोल बुडी मारतो. म्हणून काही टॅग खोली, तापमान, उजेड नोंदवत राहतात आणि ठरल्या दिवशी सुटून वर येतात. उजेडाच्या वेळांवरून जागेचा अंदाज बांधतात.

मला जास्त काळजी मुशी (लहान शार्क) आणि पाकटांची (चपट्या रे माशांची) वाटते. उशिरा वयात येतात, पिल्लं थोडी. इथे बडोद्यातही मराठी घरांत मुशी शिजते. ती कुठे विते, हे शोधायला पैसा मिळायलाच हवा.