हद्द आखली, पण गटारं कोण टाकणार?

शहरं आणि काउंट्या (अमेरिकेतले जिल्हे) एका टेबलावर बसल्या की दीर्घकालीन विकास आराखडा मार्गी लागतो, असं म्हणतात. ते मला अर्धंच पटतं. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराचं उदाहरण सगळेच देतात, आणि ते आहेही चांगलं. ऑरेगनने १९७३ मध्ये नियोजन सक्तीचं केलं, १९७९ मध्ये तीन काउंट्यांना कवेत घेणारी वाढीची हद्द, म्हणजे शहरी वस्ती जिच्या आतच वाढू द्यायची ती रेषा, आखली गेली. ती सांभाळणाऱ्या 'मेट्रो' या प्रादेशिक संस्थेचे सदस्य लोक थेट निवडून देतात. अमेरिकेत हे दुर्मिळच.

पण त्याच पोर्टलंडजवळचं डमॅस्कस बघा. २००२ मध्ये तो भला मोठा ग्रामीण पट्टा हद्दीत घेतला. २००४ मध्ये रहिवाशांनी स्वतःचं शहर स्थापन केलं. मग रस्ते, पाणी, गटारांचा खर्च कोणाच्या माथी, यावरून जी जुंपली ती जुंपलीच. आराखडा मतदारांच्या गळी उतरेना. शेवटी २०१६ मध्ये त्यांनी शहरच विसर्जित करण्याच्या बाजूने कौल दिला! (पुढे त्यावर कोर्टबाजीही झाली, ते वेगळंच.)

म्हणून संयुक्त आराखड्यात मी नकाशा नंतर बघतो. आधी खर्चाची वाटणी कुठल्या पानावर आहे ते शोधतो.