'रन' म्हटलं आणि मी खरंच धावलो

काल लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आय हॅव टू रन टू द शॉप," आणि मला एकदम लीड्स आठवलं. १९९६चा नोव्हेंबर. जाऊन चारच दिवस झालेले. घरमालकीणबाई सत्तरीच्या. दूध संपलंय, "कॅन यू रन टू द शॉप, लव्ह?" मी बूट चढवले आणि सुटलो. खरोखर पळत! पाऊस, उतार, एका हातात छत्री. धापा टाकत परत आलो तर बाईंना वाटलं, कुत्रं मागे लागलं. संध्याकाळी विचारतात, "शल आय रन यू अ बाथ?" म्हटलं, आता आंघोळीलाही पळवणार! नको म्हणालो. बिचाऱ्या टब भरून देत होत्या हे आठवड्यानं कळलं. तोवर मी चहाच्या मगानं अंगावर पाणी घेत होतो.

तुमचेही घोळ येऊ द्या.

मेथीची जुडी: आई 'पळ, कोथिंबीर घेऊन ये' म्हणायची तेव्हा पळाला होतात का कधी?

धागाकर्ता: छे! दहा हाका झाल्याशिवाय उठायचो नाही 😀

कल्याण स्लो: आमच्याकडे एकच अर्थ. "रनिंगमध्ये चढू नको रे!" बायको रोज सांगते. विंडो पाहिजे तर चढावंच लागतं.

बग_शोधक: न्यू जर्सी, पहिली नोकरी. साहेबाची मेल, "रन इट बाय मी फर्स्ट." मी लॅपटॉप उचलून त्याच्या टेबलाशी गेलो आणि शेजारी उभं राहून प्रोग्रॅम रन केला. एररसकट. तो नुसता बघत बसला. त्याला फक्त कानावर घालायला हवं होतं.

कल्याण स्लो: @बग_शोधक 🤣🤣 एररसकट!

पिंपळपान: अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला 'रन' करतो, इंग्लंडात 'स्टँड'. आपला उभा राहतो. मग एक तर पडतो नाहीतर पैसे घेऊन बसतो.

शब्दवेडा: ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती, ४३० अर्थ. पुढच्या आवृत्तीच्या कामात 'रन' ६४५वर गेला. कोशकार पीटर गिलिव्हर यांना त्या एका शब्दाला नऊ महिने लागले.

मेथीची जुडी: नऊ महिने म्हणजे बाळंतपणच की.

पिंपळपान: आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, बस लागते. ही बस स्टँडला लागली की पोटाला, ते चेहऱ्यावरून ओळखायचं.

सुईदोरा: मला इंग्रजी फारसं येत नाही. पण शिवणाच्या क्लासमध्ये बाई 'रनिंग स्टिच' म्हणाल्या तेव्हा मी घाबरून मशीन जोरात मारली, सुई मोडली. तो निघाला आपला धावदोरा! हातानं घालायचा, तोही सावकाश. आजीच्या गोधडीवर जन्मभर पाहिलेला.

मेथीची जुडी: ताई, गोधडी अजून शिवता? आत काय घालता?

सुईदोरा: हो. जुनी सुती लुगडी. सिंथेटिक नको, सरकतं, टाका धरत नाही. कडेपासून आत आत येत जायचं.

बग_शोधक: सासूबाईंची दोन नऊवारी पडून आहेत. कुरिअर केली तर शिवून द्याल का?

सुईदोरा: आधी सासूबाईंना विचारा 🙂 थांबा, कुकरची चौथी शिट्टी झाली.