बुद्धिबळात हरलेला डाव आधी स्वतः तपासायचा की थेट इंजिनला (चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रॅमला) विचारायचं?

उलटा_उंट (धागाकर्ता)

दोन वर्षं माझं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, 1400 च्या आसपास अडकलं होतं. रोज पाच-सहा ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांत संपणारे झटपट डाव खेळायचो. हरलो की लगेच इंजिन चालू करायचं, लाल खुणा बघायच्या, ‘अच्छा, इथे घोडा हलवायला नको होता’ म्हणायचं आणि पुढचा डाव लावायचा. सहा महिन्यांपूर्वी हे बंद केलं. आता आठवड्याला तीनच डाव, 15 मिनिटांचे, दर चालीला 10 सेकंद वाढ. डाव संपल्यावर निदान अर्धा तास इंजिनला हात लावत नाही. कुठे काय विचार केला होता, कशाची भीती वाटली, कोणती चाल दिसलीच नाही, हे वहीत लिहितो. मग इंजिन.

एक उदाहरण देतो. हत्तीचा एंडगेम, म्हणजे मोजकेच मोहरे उरलेला शेवटचा टप्पा. समोरच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, माझ्याकडे नुसता हत्ती, माझा राजा प्याद्याच्या वाटेत उभा. बरोबरीत सुटणारा डाव मी हरलो. इंजिनने चुकलेली चाल दाखवली असती, तेवढंच. वहीत लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मी पहिल्यापासून शहावर शह देत सुटलो होतो, कारण शह दिला की आपण सुरक्षित, असं डोक्यात पक्कं बसलेलं. अठराव्या शतकात फिलिडोर या फ्रेंच खेळाडूने दाखवलेला बचाव याच्या उलट आहे. हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत ठेवून थांबायचं, म्हणजे त्याचा राजा पुढे घुसू शकत नाही. प्यादं त्या ओळीत सरकलं की मग हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह द्यायचे. आता त्याच्या राजाला प्याद्याआड लपता येत नाही. माझ्या डोक्यातली ती समजूत इंजिनला कुठून दिसणार?

बोटविनिक तर स्वतःच्या डावांचं विश्लेषण छापून लोकांसमोर ठेवा, लोकांना चुका काढू द्या, असं सांगत असे. आपण निदान वहीत तरी लिहावं.

थेट_हत्ती

बोटविनिक जगज्जेता होता हो! त्याच्या विश्लेषणात चुका किती आणि तुमच्या-माझ्या विश्लेषणात किती?

मीही हा प्रयोग केलाय. एका डावावर तासभर बसलो आणि 22 व्या चालीला उंट देऊन घोडा घेण्याची मारामारी (मोहऱ्यांची अदलाबदल) केली तिथे हरलो, असा निष्कर्ष काढला. इंजिन लावल्यावर कळलं की ती मारामारी बरोबर होती. डाव 14 व्या चालीलाच गेला होता, वजिराच्या बाजूचं प्यादं पुढे ढकललं तेव्हा. म्हणजे तासभर मी चुकीचा धडा घोकत होतो, आणि स्वतः लिहिलेलं असल्यामुळे तो पक्का बसला असता. ज्याला चूक दिसत नाही म्हणून तो हरला, त्यालाच चूक शोधायला सांगण्यात काय अर्थ?

इंजिन नीट वापरा की. त्याने सुचवलेली चाल पटली नाही तर आपली चाल लावून बघा, इंजिन ती कशी मोडतं ते पाहा. पुन्हा दुसरी लावा. पाच-सहा वेळा असं केलं की कारण आपोआप समोर येतं.

पहिली_रांग

मी नवशिक्यांना शिकवते. तुम्ही दोघं ज्या पायरीवर भांडताय, तिथे बरेच जण पोचलेलेच नसतात. 1000-1200 रेटिंगच्या डावांत फिलिडोरचा बचाव येतच नाही, त्याआधी कुणीतरी हत्ती फुकट दिलेला असतो. त्यांनी दर चालीआधी एवढंच बघावं: समोरचा कुठे शह देऊ शकतो, काय मारू शकतो, कशाची धमकी देतोय. त्यासोबत रोज थोडी सोपी कोडी.

कोड्यांची एक अडचण मात्र मान्य करते. कोडं समोर आलं की इथे काहीतरी आहे हे आधीच कळलेलं असतं. डावात ते कुणी सांगत नाही.

तीन_मिनिटं

ब्लिट्झला सगळे उगाच झोडतात. चेस आणि सायमन या संशोधकांचा 1973 चा प्रयोग बघा. खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली तर मास्टर ती आठवणीतून नवशिक्यापेक्षा कितीतरी चांगली मांडून दाखवतो. मोहरे वाटेल तसे विखरून ठेवले की दोघांतला फरक जवळजवळ संपतो. म्हणजे मास्टरकडे असतो तो ओळखीच्या रचनांचा साठा. आठवड्याला तीन डाव खेळून हा साठा कधी होणार?

उलटा_उंट

प्रयोग मान्य, त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. 3 मिनिटांच्या डावात 40 चाली झाल्या तर चालीला सरासरी साडेचार सेकंद मिळतात. माझ्या वेळेत साडेबत्तीस. साडेचार सेकंदांत मी जुनीच सवय पुन्हा वापरतो, मग ती चुकीची का असेना. साठा वाढवायचा तर मास्टरांचे डाव पटावर मोहरे हलवत खेळून बघा, पुढची चाल आधी स्वतः ओळखायचा प्रयत्न करा.

थेट_हत्ती, तुमचा मुद्दा मला खरंच टोचला. पण 22 वी चाल चुकली असं तुम्हाला का वाटलं, ते लिहिलं होतंत का? मला वाटतं, तुम्ही शिकण्यासारखं तिथेच आहे.

एकांडं_प्यादं

ओपनिंगला, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींना, कुणीच वाली नाही इथे! पाठांतर नको हे ठीक. पण मी एकच ओपनिंग धरून ठेवलं, त्यातून वारंवार मधलं एकटं (शेजारच्या पट्ट्यांत आपलं दुसरं प्यादं नसलेलं) प्यादं उरतं, आणि त्या प्याद्यासोबत कसं खेळायचं हे मला आता कळतं. मोहरे पटावर असेपर्यंत हल्ला करायचा, मारामारी टाळायची, कारण एंडगेममध्ये तेच प्यादं ओझं होतं. दर डावाला नवं ओपनिंग खेळणाऱ्याला त्याच्या वहीत दर वेळी नवीच चूक दिसेल.

थेट_हत्ती

उलटा_उंट, लिहिलं होतं. ‘दोन उंटांची जोडी मोडली म्हणून हरलो.’ आता वाचताना दिसतंय, दोन उंट म्हणजे नेहमीच फायदा असं मी धरून चाललो होतो. प्यादी अडकून पट बंद होता, तिथे उंटांपेक्षा त्याचे घोडेच बरे होते. हे मला इंजिनने सांगितलं नव्हतं, खरं आहे. पण इंजिन नसतं तर ती मारामारी बरोबर होती हेही कळलं नसतं, त्यामुळे मी माझ्या मतावर ठाम आहे.

14 व्या चालीआधीची स्थिती संध्याकाळी इथे टाकतो. ते प्यादं ढकलणं का चुकलं, हे कुणीही इंजिन न लावता सांगून दाखवा. पहिली_रांग, तुम्ही आधी उत्तर देऊ नका, आम्हाला दोन दिवस द्या.