शिवलेल्या होडीतून उजेड दिसतोय, इपॉक्सी भरू का?

खाडीकाठचा:

मंडळी, आचऱ्याच्या खाडीकाठी आमचं घर. आजोबांची होडी गेली नऊ वर्षं माडांत उपडी पडून होती. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत ती पाण्यात घालायचीच असं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे मी ठरवलंय. घरात माझ्या बाजूनं फक्त धाकटी लेक आहे, वय वर्षं सात.

होडी बारा हात, म्हणजे 18 फूट. तळ आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेला, त्यावर दोन्ही अंगांना एकेक फळी काथ्यानं शिवलेली. एका बाजूला उलांडी (होडी कलंडू नये म्हणून बाहेर जोडलेला लाकडी ओंडका) होती, ती मधल्या काळात चुलीत गेली (कोणी घातली ते घरात कोणी सांगत नाही). इंजिन नाही, बसवायचंही नाही. संध्याकाळी खाडीत गळ टाकायला आणि पोरांना वल्हं मारायला शिकवायला हवी, एवढंच.

काल सकाळी फळ्या दोरीनं आवळून सहा जणांनी ती खळ्यात आणली. उचलली तर खाली खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिला टोपलीसकट पडवीत हलवण्यात पहिला तास गेला. मग होडी उपडीच ठेवून मी खाली शिरलो आणि वर बघितलं. शिवणीच्या रेषेत उजेडाची दोरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत! मधोमध तर दहाचं नाणं आरपार जातं. काथ्याला हात लावला की भुगा. शिवाय तळाला नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, वीतभर चीर गेलीय.

मेव्हणा डोंबिवलीहून आलाय. त्याचं म्हणणं, इपॉक्सी (दोन द्रव मिसळले की घट्ट होणारा डिंक) भर, वरून फायबरचं कापड मार, वीस वर्षं बघायला नको. नुसतं म्हणून थांबला नाही, मी जेवायला बसलो तेवढ्यात त्यानं हातभर शिवण भरूनही टाकली.

आईचा मुद्दा वेगळाच. खळ्यात तिची कोकमाची सोलं वाळत असतात. रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, असं पाच-सहा वेळा चालतं, आणि ऊन येतं नेमकं होडी ठेवलीय तिथेच. "माझ्या सोलांका वत होया, तुझी होडी उचल थयसून," हे कालपासून चौथ्यांदा ऐकलं.

तर इपॉक्सी की परत काथ्या? आणि मिरगाआधी होईल का? तीन आठवडे हातात आहेत.

सुकाणू:

इपॉक्सी नको. भरलेली शिवण आजच खरवडून काढा, पक्की झाली तर लाकूड सोबत घेऊन निघेल. शिवलेली होडी लाटेवर थोडी हलते, फळी तळावर किंचित सरकते, आणि काथ्या ते सहन करतो. इपॉक्सी दगडासारखा बसतो. मग हलायला जागा उरत नाही आणि फळी टाक्यांच्या भोकांतून फाटते. फायबरच्या कापडाखाली जुनं लाकूड ओल धरून आतल्या आत कुजतं ते वेगळंच, बाहेरून कळतही नाही.

तुमची होडी आधी तहानलेली आहे. सुकलेली फळी आक्रसते आणि वाकते. आत्ता तशीच आवळून शिवलीत तर टाके धरतील, पण भोकाशी चीर जाईल. म्हणून आईंचं ऐका! होडी उन्हातून काढा, फणसाखाली न्या, वर झापांचा मांडव घाला. अंगावर गोणपाटं टाकून आठवडाभर ओली ठेवा. घाई करू नका, एकदम भिजवलं तर लाकूड वेडंवाकडं फुगतं. आणि पाणी खाडीचंच घाला. गोड्या पाण्यानं लाकूड कुजतं, खाऱ्यानं टिकतं. त्याच कारणासाठी होडीत पावसाचं पाणी कधी साचू द्यायचं नाही.

मात्र खाडीत बुडवून ठेवू नका. जुन्या माणसांनी बुडवल्या असतील, पण लाकूड पोखरणारी कीड खाऱ्या पाण्यातच लागते. कीड म्हणतात खरं, पण असते ती शिंपल्याच्या जातीची. बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आतून फळीची चाळण झालेली असते. तळावर लाकडी हातोडीनं ठोकत जा. कुठे पोकळ वाजलं तर इथे लिहा.

रंधा-पटाशी:

इपॉक्सीला सरसकट शिव्या घालू नका राव. ठणठणीत कोरड्या लाकडाची नवी होडी असेल, आतून-बाहेरून सगळीकडे लावायचा असेल, तर चांगलं काम होतं. इथे मात्र नको, हे मान्य. चिरेचं सांगतो: पेचकस टोचून बघा. लाकूड कडक लागलं तर भिजल्यावर चीर बरीचशी मिटेल. पेचकस लोण्यासारखा आत गेला तर कुजलेलं तेवढं पटाशीनं काढून आंब्याचंच थिगळ बसवा. खिळा मारायचा तर तांब्याचा. लोखंडी खिळा गंजतो आणि भोवतालचं लाकूड काळं करून खातो.

तांडेलांची सून:

देवबागची आहे. सासरे दरवर्षी रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होड्या शिवायचे, मी काथ्या भिजवून द्यायचे. भिजला की तो मऊ पडतो आणि ओढताना तुटत नाही. शिवणीवर आतून काथ्याची जाड वळी ठेवायची, भोकांतून दोरी घेत तिच्यावरून टाके आवळत जायचे. एक माणूस आत, एक बाहेर. आतल्यानं ओढली की बाहेरच्यानं पाचर मारून धरायची, नाहीतर मागचा टाका सैल. दोघांचा मेळ लागतो. नवरा-बायकोनं एकत्र शिवू नये असं सासरे म्हणत, आणि आम्ही एकदा शिवून बघितलंय.

शिवून झाल्यावर दोन दिवस सावलीत वरवर सुकू द्या, मग तेल. आमच्याकडे माशाचं तेल देत, काही जण काजूच्या टरफलाचं देतात. काजूचं घेणार असाल तर हातांना आधी खोबरेल चोपडा, वर मोजे घाला, पोरांना लांब ठेवा. बिब्ब्याच्याच कुळातलं झाड आहे ते, कातडी सोलून काढतं.

आणि काथ्याला कमी समजू नका. नौदलाची आयएनएसव्ही कौंडिण्य, अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बांधलेली, मे 2025 मध्ये कारवारला दाखल झाली. तिच्या फळ्या काथ्यानंच शिवल्यात.

खाडीकाठचा:

सगळ्यांचे आभार. चार दिवसांचा अहवाल देतो.

इपॉक्सी खरवडला, मेव्हण्याकडूनच. होडी फणसाखाली गेली, आईला ऊन मिळालं, दोन दिवस घरात शांतता होती. तिसऱ्या दिवशी मी आळस करून विहिरीचा पंप लावला. "आमका पिऊक पाणी नाय आणि तू होडयेक पाजतस?" पंप बंद. आता भरतीच्या वेळी मुंबईची भाचरं, माझा पोरगा आणि धाकटी अशी रांग लागते, खाडीपासून फणसापर्यंत. रोज वीस बादल्या निघतात, पोचतात चौदा. बाकीच्या एकमेकांच्या अंगावर.

आज दुपारी सगळे आंब्याच्या रसावर आडवे झाल्यावर दहाचं नाणं घेऊन गेलो. मधोमध जिथे आरपार जायचं, तिथे कडेवर अडकलं. उजेडाची दोरीही आता तुटक झालीय. तळ ठोकून बघितला, सगळीकडे भरीव वाजतो. चिरेत पेचकस मात्र दीड इंच गेला, म्हणजे थिगळ आलंच. काजूचं तेल मेव्हण्यानं डबा उघडून बोट घालून बघितलं. बोटाचा फोटो टाकत नाही.

अडचण वेगळीच आहे. पडवीत कोंबडी टोपलीत बसेना, म्हणून धाकटीनं अंड्यांसकट टोपली गुपचूप होडीखाली सरकवली, मागच्या टोकाला, जिथे पाणी गळत नाही. कोंबडी बसली. आई म्हणते अजून बारा दिवस तरी होडी हलवायची नाही आणि खाली कोणी शिरायचं नाही. त्यानंतर मिरगाला उरतात पाच.

तर तांडेलांची सूनबाई, आत माणूस न बसवता शिवायची काही युक्ती आहे का?