पेशीतून सुटलेली चरबी जळतेच का?

पहाटपाऊस:
मी सकाळी रिकाम्या पोटी भराभर चालते. व्यायामात चरबीच्या पेशींतून चरबी बाहेर पडते असं वाचलं. बाहेर पडली म्हणजे ती संपलीच ना? आणि पोटाचे व्यायाम केले तर आधी पोटावरचीच सुटते का?

जीवरसायन:
सुटणं वेगळं, जळणं वेगळं. मी हा विषय शिकवतो आणि विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चरबीची पेशी म्हणजे जवळजवळ सगळा एकच मोठा थेंब. केंद्रक पार कडेला दाबलेलं. थेंबात ट्रायग्लिसराइड असतं, म्हणजे एका ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं (फॅटी अ‍ॅसिड). वरून पेरिलिपिन या प्रथिनाचं आवरण. जेवणानंतर इन्सुलिन चढलेलं असतं, तेव्हा साठवण चालते आणि तोडणं दबलेलं राहतं. उपाशीपोटी, चालताना इन्सुलिन उतरतं, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, पेरिलिपिनला फॉस्फेट जोडलं जातं आणि विकरांना, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना (एन्झाइम), थेंबापर्यंत वाट मिळते. मग तीन विकरं पाळीपाळीने एकेक मेदाम्ल तोडतात. त्यातलं पहिलं, एटीजीएल, २००४ मध्ये उजेडात आलं. इतक्या मूलभूत गोष्टीला इतका उशीर लागला, याचं मला अजून नवल वाटतं!

मेदाम्लं रक्तात अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून फिरतात. स्नायूंनी उचलली तर त्यांच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागांत, जळतात. कुणाला गरजच नसेल, तर पुन्हा ट्रायग्लिसराइड होऊन यकृतात नाहीतर चरबीच्या पेशीतच परत जातात. म्हणून नुसती सुटून भागत नाही.

पोटाचं म्हणाल, तर अ‍ॅड्रेनलिन रक्तातून सगळीकडेच पोचतं. कुठली चरबी आधी दाद देते हे तिथल्या पेशींवरच्या ग्राहींवर, म्हणजे त्याचा संदेश पकडणाऱ्या रेणूंवर, ठरतं. म्हणून पोटाच्या व्यायामाने आधी पोटावरचीच सुटते असं नाही; स्नायू मात्र बळकट होतात, ते जरूर करा.

निळीशाई:
आणि जळाल्यावर जाते कुठे? घामातून?

जीवरसायन:
बहुतेक श्वासातून. १० किलो चरबी पूर्ण जळली तर सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासातून जाते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं.

पहाटपाऊस:
मग रिकाम्या पोटी चालण्याचा फायदा आहे की नाही?

जीवरसायन:
त्या वेळेपुरता इंधनात चरबीचा वाटा वाढतो, हे खरं. पण नंतरच्या जेवणांत खर्चाइतकं पुन्हा पोटात गेलं तर साठा भरून निघतो. वजनासाठी बरेच दिवसांचा जमाखर्च बघायचा. चालताना गरगरत असेल तर थोडं खाऊनच निघा, काही बिघडत नाही.